माणसं माझी, कुलूप त्यांचं

‘एवढा त्रास होतो तर फेसबुक सोडून दे ना!’ असं सांगणाऱ्यांनी स्वतः कधी काही सोडून बघितलंय का? मी सोडलं. मास्टडॉन या दुसऱ्या सोशल नेटवर्कवर खातं उघडलं, आणि तेव्हापासून डोक्यात जी तिडीक गेलीय ती उतरायला तयार नाही. राग नव्या जागेवर नाही. राग त्या जुन्या कंपनीवर आहे, जी जाणाऱ्याला त्याच्याच माणसांचा पत्ता सोबत नेऊ देत नाही.

का सोडलं? मैत्रिणीचे वडील गेल्याची पोस्ट मला दिसलीच नाही. कुणा अनोळखी माणसानं दुसऱ्या अनोळखी माणसाला घातलेल्या शिव्या मात्र रोज सकाळी सगळ्यात वर. मी ज्यांना फॉलो केलं ते तळाला, आणि कधीही न मागितलेला कचरा डोळ्यांसमोर. ‘नवीन पोस्ट आधी’ अशी सेटिंग करून ठेवावी, तर काही दिवसांनी ती आपोआप पहिल्यासारखी. हे चुकून होत नाही. कुणीतरी ठरवून केलेलं असतं.

बरं, निघायचं ठरवलं. ‘तुमचा डेटा डाउनलोड करा’ हे बटण दाबलं आणि ताटकळत बसल्यावर एकदाची झिप फाइल आली. आत माझेच फोटो, माझ्याच पोस्ट, माझ्यावर नेम धरलेल्या जाहिरातदारांची यादी. आणि मित्र? नुसती नावं आणि मैत्री झाल्याची तारीख. ईमेल नाही, नंबर नाही, दुसरीकडे कुठे सापडतील याचा काही मागमूस नाही. एकाच नावाची ढीगभर माणसं असतात या जगात! इतक्या वर्षांत जोडलेल्या माणसांची ही किंमत?

आणि या कंपन्या मोठ्या कशाच्या जोरावर झाल्या? दुसरीकडून उचललेल्या पत्त्यांच्या जोरावर! फेसबुक वाढत होतं तेव्हा नव्या माणसाकडे त्याच्या ईमेलचा पासवर्ड मागायचं, तिथल्या पत्त्यांतून ओळखीचे लोक शोधण्यासाठी. 2010 मध्ये गूगलनं जीमेलपुरती ही वाट अडवली, कारण फेसबुक घ्यायला पुढे होतं, पण स्वतःकडचं काही परत द्यायला तयार नव्हतं. त्याआधी पॉवर डॉट कॉम नावाच्या छोट्या कंपनीनं वेगवेगळी सोशल नेटवर्क एकाच ठिकाणी बघायची सोय काढली होती. फेसबुकनं 2008 मध्ये तिला कोर्टात खेचलं. लोकांनी आपापल्या खात्याची परवानगी स्वतः दिली होती, तरी शेवटी निकाल त्या छोट्या कंपनीच्या विरोधात गेला. जानेवारी 2013 मध्ये ट्विटरचं व्हाइन हे छोट्या व्हिडिओंचं अ‍ॅप बाजारात आलं, आणि फेसबुकवरचे आपले मित्र तिथे शोधायची वाट फेसबुकनं लगेच बंद केली. त्याला खुद्द फेसबुकचा प्रमुख झुकरबर्गची मंजुरी होती, हे 2018 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीनं प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांत आहे. म्हणजे आपण आत आलो ते उघड्या दारानं, आणि आपण आत येताच दाराला कुलूप.

सगळ्यात संताप कशाचा येतो सांगू? खातं बंद करायला गेलेल्या माणसाला याच फेसबुकनं त्याच्या मित्रांचे फोटो दाखवले, ‘यांना तुमची आठवण येईल’ म्हणून! आठवणीची एवढी काळजी आहे तर त्या मित्रांपर्यंत पोहोचायचा रस्ता द्या की.

ट्विटर, म्हणजे आताचं एक्स, तरी वेगळं कुठे? ऑक्टोबर 2022 मध्ये इलॉन मस्क यांनी ते विकत घेतलं, लोक मास्टडॉनकडे निघाले, आणि डिसेंबरमध्ये नियम आला की मास्टडॉन, फेसबुक, इन्स्टाग्राम यांच्यावरच्या आपल्या खात्यांची लिंक द्यायची नाही. ‘मी आता इथे आहे’ एवढं आपल्याच ओळखीच्यांना सांगायला बंदी! आरडाओरडा झाल्यावर नियम मागे घेतला, पण मनात काय आहे ते दिसायचं ते दिसलं. ऑगस्ट 2023 मध्ये ब्लूस्काय, थ्रेड्स अशा स्पर्धक सोशल नेटवर्कच्या लिंक तिथून उघडायला पाच-पाच सेकंद लागत असल्याचं बातम्यांत आलं.

मागे राहिलेल्या मित्रांना मी एक शब्दही बोलणार नाही. कुणाच्या मुलाला दुर्मीळ आजार आहे आणि त्याच आजाराच्या पालकांचा एकमेव ग्रुप तिथे आहे. कुणाचं सगळं गिऱ्हाईक तिथून येतं. त्यांनी काय सगळं उधळून माझ्यामागे यायचं? प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबलेला आहे, आणि हे थांबणंच त्या कंपनीचं भांडवल आहे. म्हणून ‘सोडून दे’ म्हणणाऱ्यांचा राग येतो. एकट्यानं सोडणं म्हणजे सगळ्यांच्या आयुष्यातून मुकाट्यानं बाजूला होणं. वाढदिवस, बारसं, आजारपण, काहीच कळत नाही, आणि वर लोकांना वाटतं याला कुणाची फिकीर नाही.

‘तांत्रिक अडचणी असतात हो’ हे तर मला सांगूच नका. मास्टडॉन 2016 मध्ये ऑयगेन रोचको या एका तरुणानं सुरू केलं. ते एका कंपनीचं नाही, वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या, एकमेकांना जोडलेल्या सर्व्हरवर चालतं. तिथे एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर गेलात तर फॉलोअर आपोआप सोबत येतात, आणि जुन्या खात्यावर नव्याचा पत्ता लागतो. जुन्या पोस्ट येत नाहीत, ही उणीव आहे आणि ती मला खुपते. पण माणसं येतात! त्यामागची अ‍ॅक्टिव्हिटीपब ही नियमावली, जिच्यामुळे वेगवेगळी नेटवर्क एकमेकांशी बोलू शकतात, 2018 पासून सगळ्यांसाठी खुली आहे. फेसबुकची मालक कंपनी मेटा, तिनं स्वतःचं थ्रेड्स काही प्रमाणात तिलाच जोडलंय. म्हणजे तंत्र यांना नीट कळतं. देण्याची इच्छाच नाही.

फोनची कंपनी बदलताना नंबर आपल्यासोबत येतो. ते काय कंपन्यांनी प्रेमानं दिलंय? देशोदेशीच्या सरकारांनी नियम करून द्यायला लावलं. युरोपनं मोठ्या टेक कंपन्यांना वेसण घालायला डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्ट हा कायदा केला. त्यानुसार मार्च 2024 पासून व्हॉट्सअ‍ॅप आणि मेसेंजरवर बंधन आलं, की दुसऱ्या मेसेजिंग सेवेनं मागणी केली तर तिच्यासाठी दार उघडायचं, म्हणजे तिकडच्या माणसाला इकडच्याशी मेसेजवर बोलता येईल. आणि सोशल नेटवर्क? ती या अटीतून बाहेर ठेवली! जिथे माणूस सगळ्यात जास्त अडकलाय नेमकं तेच वगळलं. मला तोच नियम इथे हवाय, आणि तोही सक्तीचा. मी निघालो की माझ्या जुन्या पानावर माझा नवा पत्ता लागला पाहिजे. मला फॉलो करणाऱ्याला, त्याची इच्छा असेल तर, जागचं न हलता माझ्या पोस्ट दिसल्या पाहिजेत, आणि त्याचं उत्तर माझ्यापर्यंत आलं पाहिजे. हे न करणाऱ्या कंपनीला असा दंड बसला पाहिजे की तिच्या ताळेबंदात तो नजरेत भरेल.