स्मार्ट नी-कॅप: ‘आकडे खोटे, गरम होऊन बंद पडते’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार. आईंसाठी घेतलेल्या नी-कॅपबद्दल तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय की फिजिओथेरपिस्टनी गुडघा 112 अंश वाकतो असं मोजलं आणि ॲप 98 दाखवतं. ताप नसताना तापमान सकाळी 31.8 आणि संध्याकाळी 35.4 येतं, शेक दहा मिनिटांत बंद पडतो, रात्रभर लावल्यावर कातडी लाल झाली, आणि थंडाव्याचं पॅकेट मे महिन्यात काहीच करत नाही. उत्तर लांब आहे, कारण हेच प्रश्न दुकानात रोज येतात.

आधी कोन. नी-कॅपमध्ये हालचाल मोजणारे दोन सेन्सर आहेत, एक मांडीवर आणि एक नडगीवर. दोघांच्या कलातला फरक म्हणजे गुडघ्याचा कोन. पण शून्य कुठे धरायचं हे सेन्सरला आपोआप कळत नाही. सरळ उभं राहून ॲपमध्ये ‘सेट’ दाबलं की त्या क्षणीची स्थिती तो शून्य मानतो. झिजलेला गुडघा पुष्कळदा पूर्ण सरळ होत नाही, आणि आईंचाही होत नाही हे तुम्हीच लिहिलंय. समजा तो 10 अंश वाकलेलाच राहतो. मग तेच 10 अंश पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा होत राहतात. ॲपच्या सेटिंगमध्ये ‘सुरुवातीचा कोन’ असा रकाना आहे. फिजिओथेरपिस्टना विचारून गुडघा किती अंशांवर अडतो ते तिथे भरा, तफावतीचा मोठा भाग तिथेच मिटेल.

उरलेल्या चार-पाच अंशांसाठी यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. फिजिओथेरपिस्ट झोपवून, हाताने दाब देऊन मोजतात. आई स्वतःच्या जोरावर वाकवतात तेव्हा कोन कमीच भरतो. शिवाय वाकताना मांडीचं मांस हलतं आणि वरचा सेन्सर त्याच्याबरोबर सरकतो. दोन वेगवेगळ्या माणसांनी कोनमापकाने मोजलं तरी पाच अंशांचा फरक पडू शकतो. म्हणून आजचा आकडा दवाखान्यातल्या आकड्याशी ताडून पाहू नका. त्याच वेळी, त्याच खुर्चीवर, तशाच पद्धतीने मोजलेल्या गेल्या आठवड्याच्या आकड्याशी ताडा.

नी-कॅप घसरली किंवा फिरली तर मात्र काहीच जमत नाही. पुढचं गोल भोक गुडघ्याच्या वाटीवर नेमकं बसलं पाहिजे आणि मागची शिवण गुडघ्यामागच्या लवणीच्या मधोमध. दहा पावलं चालल्यावर भोक वाटीखाली उतरलं असेल तर साइज मोठी आहे. वाटीच्या मध्यापासून 10 सेंमी वर मांडीचा घेर आणि 10 सेंमी खाली पोटरीचा घेर, उभं राहून, टेप न आवळता मोजा.

तापमानाच्या आकड्यात काही गडबड नाही. आत थर्मिस्टर आहे, तो कातडीचं तापमान सांगतो. सांध्याच्या आतलं नाही आणि अंगातल्या तापाचं तर नाहीच. वाटीवर मांस-चरबी कमी असल्यामुळे तिथली कातडी अंगापेक्षा गारच असते, 30 ते 33 अंश अगदी नेहमीचे. पंखा लागला की आकडा उतरतो, पांघरूण घेतलं की चढतो. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये शेक 6:40 ला थांबलाय आणि 35.4 ही नोंद 6:52 ची आहे, म्हणजे तो आकडा शेकाचा आहे. मोजायचं तर शेकाआधी, किंवा शेकानंतर किमान तासाभराने. दोन्ही गुडघे पंधरा मिनिटं उघडे ठेवा, मग आधी एकावर आणि लगेच दुसऱ्यावर, त्याच जागी पाच-पाच मिनिटं लावा. कामाचा असतो तो दोघांमधला फरक. मधुमेहींच्या तळपायासाठी 2.2 अंश फरकाचा निकष वापरतात, पण गुडघ्यासाठी असा सर्वमान्य आकडा नाही. म्हणून ॲपची सूचना आली की आधी सूज बघा. गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप असेल तर ॲप बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

शेक बंद पडतो तो पॉवर बँकेमुळे. कातडीजवळ 42 अंश झाले की थर्मोस्टॅट हीटर बंद करतो. मग करंट इतका कमी उरतो की पॉवर बँकेला वाटतं फोन भरला, आणि ती झोपी जाते. बऱ्याच पॉवर बँकांत बटण दोनदा दाबलं की कमी करंटचा मोड सुरू होतो. नसेल तर 5 व्होल्ट, 2 ॲम्पिअरचा भिंतीवरचा चार्जर वापरा. केबलही सोबत आलेलीच घ्या. लांब, बारीक केबलमध्ये 5 चे 4.4 व्होल्ट झाले तर उष्णता जवळजवळ पाव हिश्शाने घटते.

रात्रभर लावणं मात्र आजपासून बंद करा. वैद्यकीय उपकरणांच्या आयईसी 60601-1 मानकात कातडीला दहा मिनिटांहून जास्त टेकणाऱ्या भागाची मर्यादा 43 अंश आहे. 44 अंशांवर सुमारे सहा तासांत कातडी भाजू शकते. झोपेत पाय पायाखाली दबला की रक्तप्रवाह मंदावतो, उष्णता वाहून जात नाही आणि एका जागी साठते. वीस मिनिटांचा टायमर त्यासाठीच आहे, तो पुन्हा पुन्हा सुरू करायचा नाही. आत बाम लावून शेक घेऊ नका, लाल होण्याचं ते फार नेहमीचं कारण आहे. अर्ध्या तासात जाणारी लाली चालते. जाळीसारखे तपकिरी डाग राहिले तर शेक थांबवा. आईंना मधुमेह असून पायाला बधिरपणा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हीटर लावूच नका, नुसते सेन्सर वापरा.

थंडाव्याच्या पॅकेटमध्ये 28 अंशांना वितळणारा मेणासारखा पदार्थ आहे. वितळताना तो ग्रॅममागे साधारण 240 ज्यूल उष्णता शोषतो. 38 अंशांच्या खोलीत तो आधीच वितळलेला असतो, मग शोषणार काय? अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको. ताज्या सुजेवर फडक्यात गुंडाळलेला बर्फच बरा, हे विकणारे असूनही सांगतो.

पैसे परत करण्याबद्दल: अंगाला लावलेली वस्तू आम्ही परत घेत नाही, पण सेन्सर बिघडलेला असेल तर पूर्ण संच बदलून देतो. ते घरीच तपासता येतं. नी-कॅप टेबलावर सपाट पसरून ‘सेट’ दाबा, मग खालचा भाग टेबलाला आणि वरचा भिंतीला टेकवा. 87 ते 93 च्या बाहेर आकडा आला, किंवा अर्धा तास न घालता ठेवल्यावर तापमान खोलीतल्या थर्मामीटरपेक्षा एका अंशाहून जास्त वेगळं दिसलं, तर फोटो ऑर्डरच्या चॅटवर पाठवा. साइज बदलायची असेल तर वरची दोन मापंही तिथेच कळवा, कापडी भाग बदलून मिळेल.