पाकिटावर एक नाव, आत दुसरं

मागच्या पावसाळ्यात विश्रांतवाडीच्या एक गुरू माझ्याकडे आल्या. तृतीयपंथी, साठीच्या पुढच्या. त्यांची चेला, म्हणजे त्यांनी लेकीसारखी मानलेली शिष्या, येरवड्याच्या जेलमध्ये कच्ची कैदी आहे, म्हणजे खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही. "मला लिहायला येत नाही गं. मी सांगते, तू लिही." (त्यांना विचारूनच हे लिहितेय.)

पत्त्यालाच हात अडला. पाकिटावर जेलच्या रजिस्टरमधलं नाव लागतं, सोबत वडिलांचं. म्हणजे तिने कधीच टाकून दिलेलं नाव. गुरू म्हणाल्या, "वर ते लिही. आत पहिल्याच ओळीत माझ्या पोरीचं नाव घाल. मोठ्या अक्षरात."

तेव्हापासून महिन्याला दोन पत्रं जातात. पाणी दिवसाआड येतं, तुळशीला मंजिऱ्या आल्या, मांजर व्यायली, असलंच सगळं. सुरुवातीला मला वाटायचं, यात काय सांगण्यासारखं आहे? तिच्या उत्तरात मात्र निम्मं पान मांजरीवर होतं.

अमेरिकेत 'ब्लॅक अँड पिंक' ही संस्था २००५ पासून एलजीबीटीक्यू कैद्यांना पत्रमित्र मिळवून देते. तिथले लोक सांगतात, टपाल वाटताना नाव पुकारलं गेलं की बाकीच्यांनाही कळतं, याची चौकशी करणारं बाहेर कोणीतरी आहे. त्याला त्रास देणारा जरा बिचकतो. मला हे शंभर टक्के पटतं.

आपल्याकडे कागदोपत्री बरंच झालंय. जानेवारी २०२२ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना कळवलं की तृतीयपंथी कैद्यांची वेगळी सोय करा, पण त्यांना एकटं पाडू नका. जुलै २०२४ मध्ये भेटीगाठींबाबतही भेदभाव नको म्हणून पत्र गेलं. पण मुलाखतीला येणार कोण? घरच्यांनी कधीच तोडलेलं असतं.

गे मुलांचं, लेस्बियन मुलींचं तर आणखी अवघड. समलैंगिक संबंध गुन्हा नाही, हा कलम ३७७ चा निकाल २०१८ चा, पण बराकीत ते स्वतःला लपवूनच राहतात. म्हणून कळकळीने सांगते: जेलमध्ये पत्र उघडून वाचलं जातं. त्याच्या जोडीदाराचा, त्याच्या ओळखीचा एक शब्दही आपण होऊन लिहू नका. केसबद्दल नको, सुटकेची खोटी आशा नको. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, कोठडीतल्या प्रत्येकाला तो हक्क आहे, एवढं जरूर कळवा.

"गुन्हेगारांना कशाला पत्रं?" असं मला घरातच ऐकावं लागलं. देशातल्या दर चार कैद्यांपैकी जवळपास तिघांचा खटला अजून निकाली निघालेला नाही. आणि ज्यांचा गुन्हा सिद्ध झाला त्यांना कोर्टाने तुरुंगवास दिलाय. कोणी विचारपूससुद्धा करू नये, अशी शिक्षा कोर्टाने दिलेली नाही.

आठवड्यातून अर्धा तास देऊन कोणासाठी पत्र लिहून द्यायची तयारी असेल, तर मला इनबॉक्समध्ये सांगा. गुरूंच्या ओळखीत आणखी काही जणींना लिहिणारं माणूस हवंय.

आमचं पुढचं पत्र उद्या पोस्टात पडेल. पिल्लांची नावं अजून ठेवलेली नाहीत. गुरू म्हणतात, ती तिलाच विचारायची.