खाणीत न उतरता खाण-संशोधक कसं व्हावं

तर तुम्हाला देशाच्या खाण उद्योगात संशोधन करायचंय, इनोव्हेशन आणायचंय, छान, देश वाटच बघतोय. पहिलं काम म्हणजे पांढरं हेल्मेट घ्या, फोटोत उठून दिसतं. बूटही घ्या पण ते मळवू नका, मळले की लोकांना वाटतं हा माणूस खाली जाऊन आला, आणि खाली जाऊन आलेल्या माणसाला कॉन्फरन्समध्ये प्रेझेंटेशनला नाही बोलवत, चौकशीला बोलवतात.

विषय निवडताना डोकं शांत ठेवा. भूमिगत कोळसा खाणीत छत कोसळून माणसं मरतात हे शंभर वर्षं सगळ्यांना माहितीये, म्हणून तो विषय घेऊच नका, त्यात नवीन काय? छताचं काय करायचं ते सरदार बघतो. (सरदार म्हणजे पगडीवाले नव्हे, मायनिंग सरदार, शिफ्टमध्ये खाणीच्या आपल्या वाट्याच्या भागाच्या सुरक्षेची जबाबदारी असलेला माणूस.) तो हातातल्या काठीनं छत ठोकतो, टणटण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर वरचा थर सुटायला लागलाय, मग तो सगळ्यांना मागे घेतो. जुने लोक लोखंडी टेकूपेक्षा लाकडी बरा म्हणतात, कारण लाकूड मोडायच्या आधी करकरतं, लोखंड बोलत नाही. आता हे तुम्ही पेपरमध्ये कसं लिहिणार, काठीला काही मॉडेल नंबर नसतो. त्यापेक्षा ड्रोन घ्या, डिजिटल ट्विन (म्हणजे खाणीची कॉम्प्युटरमधली प्रतिकृती) घ्या, आणि कुठल्याही वाक्यात एआय टाका, अगदी 'एआय-आधारित टेकू' म्हटलं तरी चालेल, कमिटीतलं कुणी विचारत नाही की टेकू नक्की काय शिकणारे.

मग पायलट प्रोजेक्ट. हा प्रकार मी जवळून पाहिलाय म्हणून सांगतो, कंपनीचं नाव विचारू नका. मिथेन मोजणारे सेन्सर बसवले होते, वायर थेट वर कंट्रोल रूमपर्यंत, मोठा स्क्रीन, उद्घाटनाला हार-तुरे, सगळं रीतसर. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की स्फोट होऊ शकतो, म्हणून नियम असा की सव्वा टक्क्यालाच तिथली वीज बंद करायची. सेन्सर बिचारा प्रामाणिक निघाला. सव्वा टक्का झाला की बोंबलायचा, वीज जायची, मशीन थांबायचं, शिफ्टचं टार्गेट बोंबलायचं, आणि वरून फोन यायचा की कोळसा कुठाय. चौथ्या दिवशी कुणीतरी सेन्सरवर प्लास्टिकची पिशवी चढवली, वर रबरबँड. विचारलं तर म्हणे धूळ लागू नये म्हणून. त्यानंतर वर स्क्रीनवर ०.००, ०.००, ०.००, हिरवागार. सहा महिन्यांचा डेटा जमला, ग्राफ एकदम सरळ, रिपोर्टमध्ये निष्कर्ष आला की प्रणाली बसवल्यापासून मिथेनचं प्रमाण लक्षणीयरीत्या घटलं. टाळ्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

यावरून शिकायचं काय, तर डेटा नेहमी वरून घ्यायचा.

आता तुम्हाला एकदम मोठं व्हायचं असेल तर कोळसा सोडा आणि क्रिटिकल मिनरल्समध्ये (म्हणजे लिथियमसारखी देशाला गरजेची खनिजं) शिरा, तिथे अजून खणायचंच आहे त्यामुळे चुकायला वाव नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत जम्मूतल्या रियासीत ५९ लाख टन लिथियमचं खनिज सापडल्याची बातमी आली, आठवतंय? काय दिवस होते ते, प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर भारत महासत्ता. त्या आकड्याला 'अनुमानित' असा एक शब्द चिकटलेला होता, शोधाच्या चार पायऱ्यांतली ती तळाकडून दुसरी पायरी, म्हणजे खाली माल असावा असं दिसतंय, किती आणि कसा ते अजून नीट खणून बघायचंय. पण एवढा शब्द कोण वाचतो. पुढे ब्लॉक लिलावाला काढला तर पुरेसे बोलीदारच आले नाहीत, कारण लिथियम चिकणमातीसारख्या खडकात अडकलंय आणि त्यातून ते परवडेल अशा खर्चात काढायचं कसं हा प्रश्न जगातच अजून धड सुटलेला नाही. म्हणजे खरं संशोधन तिथूनच सुरू व्हायला हवं होतं ना? हो, पण त्याची बातमी कोण छापणार, 'मातीतून धातू काढण्याची रसायनं आणखी दहा वर्षं तपासणार' अशी हेडलाइन कधी वाचलीये तुम्ही?

ज्यांना निवृत्तीपर्यंत पुरेल असा विषय हवाय त्यांनी झारखंडमधलं झरियाचं कोळसाक्षेत्र घ्यावं. तिथली कोळशाची आग पहिल्यांदा नोंदली गेली १९१६ मध्ये, आणि अजून धुमसतेय. शेजारी धनबादला १९२६ पासून खाणकामाची शिक्षणसंस्था आहे (आता आयआयटी झाली), १९५६ पासून केंद्रीय खाण संशोधन संस्था आहे (आता नावात इंधनही आलंय), खाणसुरक्षा महासंचालनालयाचं मुख्यालयही तिथंच. आगीला इतकी विद्वान शेजारीण मिळालेली जगात दुसरीकडे नसेल. चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, त्या संस्थांमधून खरंच शिकलेली, खाली उतरणारी माणसं निघतात. त्यांच्या फायली उतरत नाहीत, हा वेगळा भाग.

कर्नाटकातल्या कोलारचं एक सांगायचं राहिलं. तिथल्या सोन्याच्या खाणी ३ किलोमीटरहून खोल, २००१ मध्ये बंद झाल्या. तिथं १९६५ मध्ये वातावरणीय न्यूट्रिनोंची (वातावरणात तयार होणारे, जमिनीतूनही आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण) जगातली पहिली नोंद ज्या प्रयोगांत झाली त्यातला एक झाला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेची माणसं त्यात होती. आपल्या खाणीत झालेलं सगळ्यात गाजलेलं संशोधन हे, आणि त्याचा खाणीशी संबंध एवढाच की भोक तयार होतं. आवडला ना मॉडेल? भोक त्यांचं, पेपर आपला.

आणि अचानक अपघात झाला तर घाबरू नका, इनोव्हेशन तेव्हा आपोआप होतं. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये पश्चिम बंगालमधल्या राणीगंजच्या महावीर कोळसा खाणीत पाणी शिरलं, माणसं खाली अडकली, तेव्हा जसवंतसिंग गिल या इंजिनिअरनं वरून बोअर मारून त्यातून जाईल अशी लोखंडी कॅप्सूल तिथल्या तिथं बनवून घेतली, स्वतः त्यात बसून खाली गेला आणि ६५ जणांना एकेक करून वर पाठवलं. प्रपोजल नाही, रिव्ह्यू मीटिंग नाही, किती बेशिस्त बघा. सिल्क्याराचंही तेच. २०२३ मध्ये उत्तराखंडच्या त्या बोगद्यात ४१ कामगार १७ दिवस अडकलेले, आणलेलं ऑगर मशीन (आडवं भोक पाडणारं) ढिगाऱ्यातल्या लोखंडात मोडलं आणि शेवटचे १०-१२ मीटर रॅट-होल मायनर्सनी, म्हणजे उंदराच्या बिळासारख्या अरुंद भोकात शिरून खणणाऱ्यांनी, हातानं उकरले. कोळशाचं रॅट-होल मायनिंग ज्यावर हरित लवादानं मेघालयात २०१४ मध्येच बंदी घातली, कारण त्यात माणसं उंदरासारखी मरतात. म्हणजे ज्या कामातून त्यांना बाहेर काढायला हवं होतं, पर्याय द्यायला हवा होता, तेच काम येतं म्हणून त्यांना बोलावलं, हार घातले, आणि परत पाठवलं. तुम्ही यावर केस स्टडी करा, शीर्षकात 'स्वदेशी कौशल्य' घाला, त्यांच्या फुफ्फुसांबद्दल स्वतंत्र परिच्छेद नको, पानांची मर्यादा असते.

बाकी फेज-२ चं प्रपोजल लवकर टाका, मार्च संपायच्या आत. सेन्सरचं काय झालं विचारतील, सांगा उत्तम चालू आहेत, रीडिंग शून्य. आणि बजेटमध्ये 'धूळ-प्रतिबंधक आवरण' म्हणून वेगळी ओळ दाखवा, प्रति सेन्सर एक, रबरबँडसकट, कारण जुनी पिशवी आता फाटायला आलीये आणि परवा रात्रपाळीत स्क्रीनवर मिनिटभर ०.९ दिसून गेलं, उगाच सगळ्यांची झोप मोडली.