मुशीच्या पोटातले ते जंत नाहीत, नाळ आहे

मावशीनं परवा हळद-मीठ लावून ठेवलेली मुशी, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा छोटा शार्क, अख्खी कचऱ्यात टाकली. कारण व्हॉट्सअॅपवरचा एक फोटो: चिरलेली मुशी, आत दोऱ्यांना लटकलेली इवली पिल्लं. खाली मजकूर: 'प्लास्टिकमुळे मुशीत जंत झालेत. मासा अंडी घालतो, पोटात पिल्लं म्हणजे विकृती. हा खोल समुद्रातला नरभक्षक शार्क, प्रदूषणामुळे किनाऱ्याला आलाय. शार्क संपत चाललेत, खाऊ नका.' माझ्याकडे तो तीन ग्रुपांवरून आला. आता पुरे.

आधी जंत. तो दोरा म्हणजे नाळ. एक टोक पिल्लाच्या छातीशी, दुसरं आईच्या गर्भाशयाला, वारेनं जोडलेलं. मुशीच्या नाळेवर केसांसारखे बारीक धागे दाटीनं असतात. ते नाळेचेच. त्यांनाच कुणीतरी जंत ठरवलं आणि बायकांनी घरात शिजायला आलेलं अन्न फेकलं. कोळणीच्या पाटीत माल पडून राहिला तो वेगळाच.

मुशीचं अंडं जेमतेम 1 मिलिमीटरचं, मोहरीएवढं. त्यात बलक जवळपास नसतोच. मग पिल्लू जगणार कशावर? आईवर. पाच-सहा महिन्यांनी ते 12 ते 15 सेंटिमीटरचं होऊन जन्मतं. एका वेताला साधारण 6 ते 18 पिल्लं.

आणि हे प्लास्टिकमुळे? एका जातीच्या शार्कची पिल्लं आईला नाळेनं जोडलेली असतात, हे अॅरिस्टॉटलनं तेवीसशेहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. योहानेस म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञानं 1842 मध्ये ते तपासून खरं ठरवलं. आपल्या मुशीला 'स्कोलिओडॉन लॅटिकॉडस' हे नाव देणाऱ्या दोघांतला एक तोच, साल 1838. तेव्हा प्लास्टिकची पिशवी जन्मालाही आली नव्हती. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या जुन्या मंडळींना विचारा, स्कोलिओडॉन त्यांनी स्वतः चिरलेला असतो.

खोल समुद्र वगैरे काही नाही. मुशी उथळ पाण्यातली, किनाऱ्यालगत, खाडीच्या तोंडाशी थव्यानं राहणारी. जवळा, कोळंबी, बारके मासे खाते. मोठी झाली तरी पाऊण मीटरच्या आत. तिचे दात माणसाला काय करणार?

शेवटचं वाक्य मात्र अर्धं खरं आहे, मला ते कबूल करावं लागतंय. मुशी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या (आययूसीएन) यादीत 'धोक्याच्या जवळ' आहे. ती वर्षभर विते, त्यामुळे जाळ्यात पोटुशी मुशी येतच राहते. कमी खा म्हणायचं तर या कारणानं म्हणा. जंतांचं खोटं कशाला?

पुढच्या खेपेला बाजारात अगदी लहान मुशी दिसली तर उलटी करून छातीच्या दोन परांच्या मधे बघा. तिथे बारीकशी चीर असते, बेंबीची. मावशीला मी रविवारी तीच दाखवणार आहे.