दोन स्टार दिलेल्या ताईंना, गॅरेजकडून

ताई, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू मी रविवारी रात्री वाचला, सोमवारी सकाळी पुन्हा वाचला आणि मग गॅरेजमधल्या पोरांना गोळा करून मोठ्यानं वाचून दाखवला. तुमचं नाव आणि गाडीचा नंबर इथे लिहीत नाही. पण बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून थोडक्यात सांगतो. गाडी १९७२ ची मार्क टू अॅम्बेसेडर, तुमच्या वडिलांची. तिला मागच्या बाजूला आम्ही स्टॅबिलायझर बार बसवला, म्हणजे वळणावर गाडीचं झुलणं कमी करणारी पोलादी दांडी. हल्लीची मुलं त्याला स्वे बार म्हणतात. १३,८०० रुपये घेतले. दोन दिवस सांगून नऊ दिवस लावले, आठवड्यात मागून टकटक सुरू झाली, स्पीडब्रेकरवर गाडी आधीपेक्षा जास्त आपटते आणि कसारा घाट उतरताना पावसात मागची बाजू सरकली, असं तुम्ही लिहिलंय. शेवटी एक वाक्य आहे: “गाडी माझी, चालवते मी, आणि सगळे बोलत होते माझ्या भावाशी.”

त्या वाक्याकडे येतोच. आधी टकटक.

टकटक पूर्णपणे आमची चूक. बारच्या दोन्ही टोकांना ज्या छोट्या लिंक असतात, त्यांच्या रबरी बुशचे नट गाडी चाकांवर उभी करून, तिचं वजन खाली बसल्यावर शेवटचे आवळायचे असतात. आमच्या पोरानं गाडी वर टांगलेली असतानाच आवळून टाकले. मग गाडी खाली आली की बुश कायमचा पिळलेला राहतो आणि चार खड्ड्यांत फाटतो. नाशिकमध्ये चार खड्डे मिळायला किती वेळ लागतो ते तुम्हाला सांगायला नको. ५०० किलोमीटरनंतर तपासणीला या असं बिलावर छापलेलं आहे खरं, पण बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापणं म्हणजे सांगणं नव्हे. तुम्ही दोनदा आलात तेव्हा मी गॅरेजमध्ये नव्हतो आणि पोरांनी ग्रीस लावून परत पाठवलं. फाटलेल्या बुशला ग्रीस म्हणजे मोडलेल्या हाडाला बाम. दोन्ही बाजूंचे बुश नवीन बसतील, पैसे नाहीत.

नऊ दिवसांबद्दल मात्र मी वाद घालणार आहे. पहिला बार अंबडहून करून आला, बसवला, आणि गाडी उचलून मागची चाकं पूर्ण लोंबकळू दिली तर बार हँडब्रेकच्या केबलला घासत होता. उभ्या गाडीत हे दिसतच नाही, म्हणून तर चाकं पूर्ण खाली आणि पूर्ण वर नेऊन बघायची असतात. गॅसवर तापवून अर्ध्या तासात तो बार वाकवता आला असता. बरेच जण तेच करतात. पण स्प्रिंगच्या पोलादाला पाणी दिलेलं असतं, म्हणजे तापवून-विझवून कडक केलेलं असतं. तिथे गॅसची ज्योत लागली की त्या जागेचं पाणी उतरतं आणि कधीतरी बार नेमका तिथूनच तुटतो. म्हणून तो बाद करून दुसरा करून घेतला. त्याचा खर्च तुमच्या बिलात नाही. रोज फोन करून कळवायला हवं होतं, ते राहिलं. सातव्या दिवशी तुम्हीच फोन केलात तेव्हा आम्हाला आठवण झाली, हे तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे.

ब्रॅकेट वेल्डिंगऐवजी बोल्टनं का, असंही तुम्ही विचारलंय. अॅम्बेसेडरला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी. तिला भोक पाडणं, वेल्ड मारणं मला आवडत नाही. शिवाय या गाडीला पुढे व्हिंटेज गाड्यांच्या व्हीए मालिकेतला नंबर घ्यायचा विचार असल्याचं तुम्हीच म्हणाला होता. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार नको. (तो नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, तेव्हा घाई करू नका.) आमचा बार मागच्या अॅक्सलच्या हाउसिंगला यू-बोल्टनं आणि वर बॉडीला आधीच असलेल्या भोकांत प्लेट देऊन बसवलाय. एका दुपारी काढून ठेवता येतो, मागे खूण राहत नाही.

आता स्पीडब्रेकर. दोन्ही मागची चाकं एकदम वर जातात तेव्हा बार आपल्या बुशमध्ये नुसता फिरतो, काहीच काम करत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं तर तो पिळला जातो आणि दुसऱ्या चाकालाही ओढतो. तिथे धक्का वाढलेला जाणवेल, ते खरं आहे आणि मी ते आधी सांगायला हवं होतं. पण ब्रेकरवरचं आपटणं बारचं नाही. उन्हाळ्यात दुसरीकडे तुमच्या गाडीला दोन्ही बाजूंना स्प्रिंगचा एकेक पाटा वाढवून मिळालाय. मागून गाडी बसली होती म्हणून वाढवला असणार. वरून नवीन शॉकॲब्सॉर्बर नाहीत. चार माणसं आणि सामान असेल तर ठीक, तुम्ही एकट्या असाल तर मागची बाजू लाकडासारखी होणार. पाटा काढून जुने पाटे कमानीत आणून घ्या, हवं तर आमच्याकडे न घेता द्वारका भागात कुठेही. फरक त्याच दिवशी कळेल.

आणि आता घाट.

तुम्ही गाडी घेऊन आलात त्या दिवशी दोन प्रश्न विचारले होते, जॉब कार्डवर माझ्याच अक्षरात आहेत. “वळणावर बोटीसारखी झुलते, ते कमी होईल का?” आणि “पावसात काय होईल?” पहिल्याचं उत्तर मी नीट दिलं. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या बंधूंकडे बघून दिलं: “काही होत नाही.”

१८ मिलिमीटर जाडीचा बार घ्या, असं माझं म्हणणं होतं. बंधूंनी मोबाइलवर बाहेरच्या देशातल्या रेसिंगच्या गाड्या दाखवल्या आणि २२ पाहिजे म्हणाले. मोजायला गेलं तर फरक चारच मिलिमीटर. पण बारचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणजे १८ चा २२ केला की बार सव्वादोन पट ताठ झाला. हे मला माहीत होतं. गिऱ्हाईक ठाम होतं, मी “करून देतो” म्हणालो. गिऱ्हाईक तुम्ही होता हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

झालं काय ते सांगतो, बाकीच्या अॅम्बेसेडरवाल्यांनीही वाचावं. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते. मागचा बार तो कल कमी करतो, पण फुकट नाही. आतल्या मागच्या चाकावरचं वजन काढून बाहेरच्या मागच्या चाकावर टाकतो. एकाच टायरवर असा बोजा पडला की दोन्ही मागच्या टायरांची मिळून पकड थोडी घटते आणि पुढच्यांची तुलनेनं वाढते. मूळची अॅम्बेसेडर वेगात वळवली तर नाक बाहेर जातं. ड्रायव्हर घाबरून अॅक्सिलरेटरवरून पाय काढतो आणि नाक परत आत येतं. माणसाची भीती आणि गाडीचा स्वभाव जुळतात. मागे जाड बार टाकला की आधी शेपूट जातं, आणि तिथे घाबरून पाय काढला तर आणखी जातं. त्यात उताराचा घाट, वजन पुढे झुकलेलं, मागे कुणी बसलेलं नाही, रस्ता ओला. मागच्या टायरवर ३२१६ छापलंय, म्हणजे २०१६ सालचा ३२ वा आठवडा. रबर दगड झालंय. टायर बदला असं कार्डवर लिहिलं होतं, पण टायरच्या मागे मी लपणार नाही. तेच टायर आधीही होते आणि तेव्हा गाडी सरकली नव्हती.

तुम्ही स्टिअरिंग सांभाळलंत, गाडी कठड्याला लागली नाही. वाचताना पोरं गप्प झाली होती.

भेट होईपर्यंत एक काम करा. कुठल्याही मेकॅनिककडून बारच्या एका बाजूची लिंक सोडवून घ्या आणि ते टोक तारेनं घट्ट बांधून घ्या, म्हणजे केबलला किंवा सायलेन्सरला आपटणार नाही. एक टोक सुटलं की बारचं काम थांबतं, गाडी पहिल्यासारखी झुलेल पण शेपूट टाकणार नाही. तोवर घाटात नेऊ नका.

मग तुम्हाला हवं ते. १८ चा बार मी माझ्या खर्चानं करून बसवतो, टोकाला दोन भोकं ठेवतो. लिंक बाहेरच्या भोकात घातली की बार मऊ, आतल्या भोकात घातली की कडक. सुरुवात मऊपासून करू. किंवा बारच नको असेल तर काढून १३,८०० परत. रिव्ह्यू बदलायची गरज नाही, दोन स्टारच राहू द्या.

ट्रायल पेठ रस्त्याला सावळघाटापर्यंत घेऊ, कोरडा रस्ता बघून. चालवाल तुम्ही, मी शेजारी बसेन. बंधूंना यायचं असेल तर जरूर आणा, त्यांना मागच्या सीटवर बसवू, तेवढंच मागच्या चाकांवर वजन.