ऑलिव्हची डहाळी आणि ५०० द्राख्मा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

ऑलिंपिकच्या इतिहासावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक म्हणून ३० वर्षं मैदानावर काढलेल्या माणसाला दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना. तुमचे आक्षेप तीन आहेत. ‘स्पर्धेच्या काळात ग्रीसमधली युद्धं थांबत’ हे माझं वाक्य चूक आहे. ग्रीक खेळाडू पानांच्या मुकुटासाठी खेळत, त्यांना मी उगाच पैशाच्या हिशेबात ओढलं. आणि लाचखोरीच्या गोष्टी शाळकरी मुलांच्या वाचनात यायला नको होत्या.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. स्पर्धेआधी जाहीर होणाऱ्या तहाचा अर्थ एवढाच होता की ऑलिंपियाला, म्हणजे स्पर्धेच्या ठिकाणी, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटेत कुणी अडवू नये आणि त्या पवित्र भूमीवर कुणी सैन्य आणू नये. तेवढंही नेहमी पाळलं गेलं नाही. इ.स.पू. ३६४ मध्ये स्पर्धा चालू असतानाच जवळच्या ईलिस या नगरराज्याचं सैन्य ऑलिंपियात शिरलं. पंचक्रीडेतली शर्यत उरकली होती, कुस्त्या लागल्या होत्या, आणि देवळांच्या आवारात लढाई जुंपली. ते वाक्य मी आज दुरुस्त केलं आहे. चूक दाखवलीत, त्याबद्दल मनापासून आभार.

दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही. ऑलिंपिया, डेल्फी, इस्थमिया आणि नेमिया या चार ठिकाणी विजेत्याला पानांचा मुकुटच मिळे, हे खरं. पण तो मुकुट घेऊन गडी गावी परतला की पुढे काय? अथेन्सचा कायदे करणारा सोलोन, त्याच्या कायद्याने तिथे ऑलिंपिक विजेत्याला ५०० द्राख्मा, म्हणजे चांदीची ग्रीक नाणी, मिळत. त्या काळी एका द्राख्माला एक मेंढी धरत, असं प्लुटार्क हा प्राचीन ग्रीक चरित्रकार सांगतो. म्हणजे ५०० मेंढरांचा कळप दारात! शिवाय नगराच्या खर्चाने जेवणाचा मान. अथेन्सच्या स्वतःच्या पॅनाथेनिक स्पर्धेत तर ऑलिव्ह तेलाने भरलेले रंगीत रांजणच बक्षीस म्हणून देत. ‘अ‍ॅथलीट’ या शब्दाच्या मुळाशी असलेला ग्रीक ‘अथ्लोन’ म्हणजेच बक्षीस. जत्रेतल्या कुस्तीवर इनाम लागतं म्हणून आपण कधी पैलवानाला हलका मानला का? ग्रीकही मानत नव्हते.

मग पैसा घेतला की खेळाडू बाटतो, ही कल्पना आली कुठून? १९व्या शतकातल्या इंग्लंडमधून. १८६६ मध्ये लंडनच्या अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक क्लबने हौशी खेळाडूची व्याख्या केली, तिच्यात कारागीर आणि मजूर यांना जागाच नव्हती. एका पैशाचं बक्षीस न घेतलेला सुतारसुद्धा बाहेर! आधुनिक ऑलिंपिक सुरू करणाऱ्या कुबेर्तांबद्दल मला आदर आहे. १८९४ ची पॅरिसची परिषद आणि १८९६ चं अथेन्सचं पहिलं आधुनिक ऑलिंपिक त्यांच्या चिकाटीशिवाय उभं राहिलं नसतं. पण हौशीपणाचा हा नियम ऑलिंपिकमध्ये शिरला आणि त्याला ग्रीक आदर्शाचं नाव मिळालं, याची मला फार खंत वाटते.

कारण त्या नियमाची किंमत जिम थॉर्पसारख्या खेळाडूंनी मोजली. अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीतला हा पोरगा. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन (पाच खेळांची स्पर्धा) आणि डेकॅथलॉन (दहा खेळांची), दोन्ही सुवर्णपदकं त्याची. पुढच्याच वर्षी ती काढून घेतली. गुन्हा काय? १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यांत तो थोड्याशा पैशांवर बेसबॉल खेळला होता. इतर कॉलेजकुमार खोट्या नावाने खेळत, हा स्वतःच्या नावाने खेळला म्हणून सापडला. १९५३ मध्ये तो गेला. पदकं घरच्यांना मिळाली १९८३ मध्ये, आणि दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागलं ते २०२२ मध्ये.

खाशाबा जाधवांची गोष्ट तर तुम्हीच विद्यार्थ्यांना सांगितली असेल. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला वर्गणी गोळा करावी लागली, त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले, तेव्हा कुठे ते कांस्यपदक आलं. खुराक, प्रवास, घरची चूल, हे सगळं कुणीतरी भागवावंच लागतं. ज्याच्या घरी ते आधीच भागलेलं असतं, त्यालाच ‘पैशाला शिवू नका’ म्हणणं परवडतं.

राहिला तिसरा आक्षेप, मुलांचा. इ.स.पू. ३८८ मध्ये थेसलीच्या युपोलस नावाच्या मुष्टियोद्ध्याने तीन प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारले. पंचांनी दंड बसवला आणि त्या पैशातून देवांचा राजा झ्यूस याच्या सहा काशाच्या मूर्ती घडवल्या. पुढे आणखी दंड, आणखी मूर्ती. त्या लपवून ठेवल्या नाहीत. मैदानात जायच्या वाटेवरच ओळीने उभ्या केल्या. पहिलीवरच कोरलं होतं की ऑलिंपियाचा विजय पैशाने नव्हे, पायांच्या वेगाने आणि अंगातल्या ताकदीने मिळवायचा असतो. त्यांचे चौथरे आजही तिथे आहेत. ऑलिंपियात मुलांच्या वेगळ्या शर्यती आणि कुस्त्या इ.स.पू. ६३२ पासून होत होत्या, आणि ती मुलंही त्याच मूर्तींसमोरून मैदानात जात.