रिकव्हरी पार्टिशन भरले, म्हणजे बिघडले असे नव्हे

घरच्या संगणकात डी ड्राइव्हची पट्टी लाल दिसू लागली की एक सल्ला हमखास पुढे येतो. अनेक संगणकांत हा डी ड्राइव्ह म्हणजे रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे विंडोज बिघडल्यास संगणक मूळ स्थितीत आणता यावा म्हणून निर्मात्याने डिस्कवर राखलेला वेगळा भाग असतो. सल्ला असा की ते भरल्यामुळेच संगणक मंदावतो, म्हणून त्यातील जुन्या फायली काढून टाकाव्यात किंवा ते पार्टिशनच उडवावे. जागा सी ड्राइव्हला मिळते आणि विंडोज काय, कधीही नव्याने टाकता येते, असा तो सल्ला आहे. तो बहुतांशी चुकीचा आहे, आणि त्यातील एक भाग तर भरून न येणारे नुकसान करणारा आहे.

मंदावण्याचा मुद्दा आधी निकालात काढू. रोजच्या कामात विंडोज ज्या जागेवर सतत लिहिते, म्हणजे पेजफाइल (मेमरी कमी पडल्यावर विंडोज वापरते ती फाइल), तात्पुरत्या फायली आणि अपडेट, ती जागा सहसा सी ड्राइव्हवर असते. रिकव्हरी पार्टिशन दुरुस्तीची वेळ येईपर्यंत जवळजवळ वापरातच येत नाही. एखाद्या ड्राइव्हवर दहा टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली की पट्टी लाल होते, एवढाच त्या रंगाचा अर्थ. निर्मात्याने मूळ प्रतिमेला, म्हणजे विंडोज आणि सोबतच्या प्रोग्रॅमच्या तयार प्रतीला, पुरेल इतकीच जागा तेथे राखलेली असते. त्यामुळे अनेक संगणकांवर हे पार्टिशन पहिल्या दिवसापासून जवळजवळ भरलेलेच असते.

मग ‘जागा कमी आहे’ ही सूचना वर्षा-दोन वर्षांनी अचानक का येऊ लागते? खरा प्रश्न हा आहे, आणि सल्ला देणारे नेमका तोच विचारत नाहीत. बहुतेक वेळा मागाहून काहीतरी तेथे जाऊन पडलेले असते. विंडोजच्या बॅकअपसाठी डी ड्राइव्ह निवडला गेला असेल, तर तेथे संगणकाच्याच नावाचा फोल्डर आणि मीडियाआयडी नावाची छोटी फाइल आढळते. सिस्टिम प्रोटेक्शन ही विंडोजची सोय त्या ड्राइव्हसाठी चालू झाली असेल, तर रिस्टोअर पॉइंट, म्हणजे आधीच्या स्थितीत परतण्यासाठीच्या नोंदी, लपलेल्या फोल्डरात साठत जातात आणि फाइल एक्सप्लोररमध्ये सहसा दिसतही नाहीत. कधी घरातील कोणीतरी रिकामा ड्राइव्ह समजून छायाचित्रे तेथे ठेवलेली असतात. आणखी एक कारण २०१८ सालचे आहे: विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीनंतर काही संगणकांवर एरवी लपलेल्या पार्टिशनला ड्राइव्हचे अक्षर मिळाले आणि सूचना सुरू झाल्या. तेथे डिस्कपार्ट या विंडोजच्या डिस्क-व्यवस्थापन साधनातून ते अक्षर काढणे एवढाच उपाय होता. आतली एकही फाइल हलवण्याची गरज नव्हती.

‘जुन्या फायली काढा’ हा भाग सर्वांत धोक्याचा आहे, कारण येथे जुने तेच मूळ असते. तारखांचा क्रम लावून पाहिला की संगणक घेतला त्या सुमाराच्या आणि त्याआधीच्या फायली बहुधा निर्मात्याच्या निघतात. त्यांना हात लावू नये. नंतरच्या तारखांचे जे आपलेच आहे असे खात्रीने ओळखता येते, तेवढेच बाहेरच्या डिस्कवर हलवावे, बॅकअपचे ठिकाण बदलावे आणि त्या ड्राइव्हचे सिस्टिम प्रोटेक्शन बंद करून तेथील रिस्टोअर पॉइंट काढावेत. डी ड्राइव्हवरचा बॅकअप तसाही फारसा कामाचा नसतो, कारण तो बहुधा सी ड्राइव्हच्याच डिस्कवर असतो आणि डिस्क गेली की दोन्ही एकदम जातात.

पार्टिशन उडवून मिळणारी जागाही तपासून पाहावी. ५०० जीबीच्या डिस्कवर १५ जीबीचे पार्टिशन म्हणजे तीन टक्के, आणि तीही सी ड्राइव्हला सहज जोडता येते ती रिकामी जागा त्याच्या लगेच पुढे असेल तरच. विंडोज नव्याने टाकता येते हे खरे. पण संगणक सुरूच होत नसेल, तर त्यासाठीचा पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर तयार करावा लागतो आणि निर्मात्याचे स्वतःचे प्रोग्रॅम त्यातून परत येत नाहीत. विचारपूर्वक पार्टिशन काढायचेच असेल, तर आधी किमान १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्ह बनवावा आणि त्यावरून संगणक सुरू होतो हे पाहूनच पुढे जावे.

पार्टिशन भरलेले असणे हीच खरी अडचण ठरल्याचे एक उदाहरण मात्र आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी आलेले केबी ५०३४४४१ हे अपडेट अनेक संगणकांवर अयशस्वी झाले, कारण विंडोजच्या दुरुस्ती-व्यवस्थेच्या छोट्या पार्टिशनमध्ये त्याला लागणारी २५० एमबी जागा मोकळी नव्हती. हे पार्टिशन निर्मात्याच्या डी ड्राइव्हपेक्षा वेगळे असते, बहुधा एक जीबीहून लहान आणि विनाअक्षराचे. त्यावर मायक्रोसॉफ्टने सांगितलेला मार्ग सी ड्राइव्ह २५० एमबीने आकसून ते पार्टिशन मोठे करून पुन्हा उभारण्याचा होता, म्हणजे जागेचा प्रवास या सल्ल्याच्या नेमका उलट्या दिशेने होता.